साहेबांचं उत्तर

"साहेब, तुम्ही खोटं बोलताय."

चंद्रकला वाघमोडे हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की क्षणभर मला वाटलं, ती पाणी मागतेय. मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये मी काय काय पाहिलं होतं! शिव्या देणारे आले होते, टेबलावर वहाणा ठेवणारे आले होते, एका नगरसेवकाने तर नळाचं गढूळ पाणी घागरीतून आणून गालिच्यावर ओतलं होतं. पण राजहंस साहेबांना कुणी खोटं म्हटलं नव्हतं. ते खोटं बोलत नाहीत, हे आख्ख्या मांडवपूरला ठाऊक होतं.

मी बाजूच्या खुर्चीत फाइल मांडीवर घेऊन बसले होते. मी कुंदा आगलावे. तेव्हा नगरपरिषदेत कार्यालय अधीक्षक होते आणि जन माहिती अधिकारीही. म्हणजे माहिती अधिकारात कुणी अर्ज केला की उत्तर द्यायचं मी. माझ्या उत्तराने समाधान झालं नाही, तर पहिलं अपील मुख्याधिकाऱ्यांकडे. आता गंमत बघा. चंद्रकलाने मागितले होते मुख्याधिकाऱ्यांना आलेले मेल. त्यावरचं अपील ऐकायला बसले होते तेच मुख्याधिकारी. कायदा करणाऱ्यांनी तालुक्याच्या गावात कधी नोकरी केली नसावी.

चंद्रकलाचा नवरा बिरू वाघमोडे आमच्या फिल्टर प्लांटवर ऑपरेटर होता. नदीचं पाणी तिथे शुद्ध होऊन गावाला जातं. त्यासाठी क्लोरीनचे मोठाले सिलिंडर लागतात. ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यातला एक फुटल्यासारखा गळला आणि बिरू सिलिंडरच्या खोलीतच गुदमरून गेला. वारा वस्तीच्या दिशेने होता. प्लांटमागच्या वस्तीतली माणसं ओकत, डोळे चोळत रस्त्यावर आली. दोघं म्हातारे त्या आठवड्यात दगावले. चौकशी समितीने अहवाल दिला : गळतीबाबत कार्यालयात कोणतीही पूर्वसूचना नाही, सबब ऑपरेटरचा निष्काळजीपणा.

चंद्रकला त्याच वस्तीत राहायची. त्या अहवालानंतर सार्वजनिक नळावर ती आली की बायका हंडे उचलून मागे सरायच्या. तुझ्या नवऱ्यानं गॅस सोडला, असं तिला तोंडावर म्हणायच्या. तिला आमच्याकडून दुसरं काहीच नको होतं. बिरूने आधी कळवलं होतं, एवढं तिला कागदावर हवं होतं.

आणि कागद तर आमच्याकडे नव्हताच. कारण राजहंस साहेबांनी कागद बंद केला होता.

ते आले तेव्हा ऑफिसात माहिती अधिकारवाल्यांचा सुळसुळाट होता. खरे कार्यकर्ते मोजके, बाकीचे अर्ज टाकून ठेकेदाराला गाठणारे. आवक रजिस्टरला कागद चढला की दुसऱ्या दिवशी त्याची झेरॉक्स चहाच्या टपरीवर. साहेबांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "यापुढे कच्चं काही आवकला टाकायचं नाही. आधी मला मेल करा. माझ्या स्वतःच्या मेलवर." सरकारी मेल होता, नाही असं नाही. पण त्याचा ओटीपी तीन साहेबांपूर्वीच्या साहेबांच्या मोबाईलवर जायचा. ते निवृत्त होऊन शेतीत रमले होते आणि फोन केला की म्हणायचे, "अहो, मी पाणी धरतोय, नंतर करा." त्यामुळे साहेबांचा खासगी मेल हेच आमचं ऑफिस झालं. रजा तिथे, तक्रार तिथे, तपासणी तिथे. उत्तरंही कशी पटापट यायची! दहा मिनिटांत साहेबांचं उत्तर. अशा माणसाचं कौतुक नाही करायचं तर कुणाचं?

चंद्रकलाचा अर्ज आला तेव्हा मी साहेबांना रीतसर लेखी विचारलं. आडनाव आगलावे असलं तरी मी कामात पाण्यासारखी थंड आहे. तोंडी उत्तरावर मी कुणाला कळवत नाही, साहेब असले तरी. त्यांनी लगेच लिहून दिलं : असा कोणताही मेल मला प्राप्त झालेला नाही. मी ते तसंच चंद्रकलाला पाठवलं. तिने अपील केलं.

सुनावणीच्या आधी मी फाइल घेऊन आत गेले, तेव्हा साहेब फोनवर होते. "झरकर, आज त्या वाघमोडेंची सुनावणी आहे. त्यात आपल्याकडे काही नाही ना? नक्की? बरं. बसतोच आहे आता." झरकर म्हणजे आमचे सल्लागार. पाण्याच्या योजनेपासून बागेतल्या झोपाळ्यापर्यंत सगळ्याचे प्रस्ताव त्यांची कंपनी तयार करायची. ऑफिसातल्या निम्म्या कामात झरकर असायचेच, म्हणून मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

तर आता चंद्रकला समोर बसली होती आणि साहेब लालबुंद झाले होते.

"ताई," ते आवाज आवरत म्हणाले, "मला तुमचं दुःख समजतं. पण मेल आलाच नाही तर मी तो देऊ कुठून?"

"आला व्हता."

"तुम्ही पाहिलात?"

"मी न्हाई बघितला. आमच्या मालकांनी पाठवलेला. पिलांटवर मेंटेनन्सवाल्या कंपनीचा मोबाईल व्हता, त्यावरनं. त्यो मोबाईल दुसऱ्या दिवशीच कंपनीवाल्यांनी नेला."

"मग कशावरून पाठवला म्हणता?"

"तुमचं उत्तर आलं म्हणून."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी चंद्रकलाकडे. हे तिने अर्जात लिहिलं नव्हतं.

"माझं उत्तर?"

"व्हय. मालकांनी मला फोनवर वाचून दाखवलं. दोनदा दाखवलं. 'वाघमोडे, तुमच्या दक्षतेबद्दल अभिनंदन. सिलिंडर तपासला आहे, तो सुरक्षित आहे. घाबरण्याचे कारण नाही. काम चालू ठेवावे.'" ती शाळेतली कविता म्हणावी तशी न अडखळता बोलली. "खाली तुमचं नाव."

"बाई, मी असं काहीही लिहिलेलं नाही."

"म्हणून तर म्हणते, खोटं बोलताय."

राजहंस साहेबांचा स्वाभिमान मोठा. ऑफिसचा चहासुद्धा ते स्वतःच्या पैशाने प्यायचे. त्यांना ते सहन झालं नाही. त्यांनी लॅपटॉप ओढला, उघडला आणि टेबलावर तिरका केला, आम्हा दोघींना दिसेल असा.

"या, खुर्ची पुढे घ्या. आगलावे मॅडम, तुम्हीपण बघा. हा माझा मेल. माझं काही लपलेलं नाही. वाघमोडे नाव टाकतो. बघा तुमच्या डोळ्यांनी."

मी मनात म्हटलं, असा साहेब होणे नाही. आपला खासगी मेल असा कोण उघडून दाखवतो?

त्यांनी नाव टाकलं आणि यादी आली.

एक दोन नाही, चांगली पडदाभर यादी. सगळे मेल फिल्टर प्लांटकडून. ते मेल 'प्लांट निकाली' नावाच्या एका फोल्डरमध्ये होते. साहेबांनी डावीकडे जाऊन ते फोल्डर उघडलं.

"हे फोल्डर..." ते म्हणाले, "हे मी केलेलं नाही."

चंद्रकलाने पदर सावरला आणि पुढे वाकली.

सगळ्यात वरचा मेल अपघाताच्या आदल्या दिवसाचा होता. साहेबांनी तो उघडला. बिरूने मराठीत लिहिलं होतं, मोडकंतोडकं पण स्पष्ट. दोन नंबरच्या सिलिंडरला व्हॉल्व्हपाशी अमोनियाचा बोळा धरला की पांढरा धूर दिसतो, म्हणजे गॅस गळतोय. मेंटेनन्सवाल्यांना सांगितलं, ते येत नाहीत. मास्कचे डबे जुने झालेत. सिलिंडर बंद करू का, साहेबांनी सांगावे. आपला नम्र.

खाली उत्तर होतं. साहेबांच्या मेलवरून, साहेबांच्या नावाने. चंद्रकलाने म्हटलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

मी ज्या माणसाची घरीदारी तारीफ करत होते, ज्याच्या सहीच्या उत्तरावर मी त्या विधवेला 'माहिती उपलब्ध नाही' म्हणून कळवलं होतं, तो माणूस खोटारडा निघाला होता. आणि वर तोच स्वतःच्या हाताने मेल उघडून दाखवत होता! माझ्या डोक्यात काही केल्या हे बसेना. चोर असा पंचनामा करायला स्वतः दिवा धरतो का?

सवयीने मी मोबाईल काढला आणि पडद्याचा फोटो घेतला. अभिलेख दाखवला की प्रत घ्यायची, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

"मॅडम, मी हे लिहिलं नाही," साहेब म्हणाले. "आईशप्पथ. मी हे पहिल्यांदा बघतोय."

"साहेब," मी म्हटलं, "मेल तुमचा आहे."

ते मागे जाऊन पुन्हा यादीवर आले. बहुधा दुसरा एखादा उघडून बघणार होते. पण त्यांचा हात तिथेच थांबला, कारण यादीतला वरचा मेल नव्हता. आत्ता वाचलेला, बिरूचा.

"अहो, तुम्ही काढलात तो," मी ओरडलेच.

"मी कुठे हात लावलाय?" साहेबांनी दोन्ही हात टेबलावरून उचलून छातीशी धरले.

आमच्या डोळ्यांदेखत त्याखालचा मेल गेला. मग त्याच्या खालचा. लॅपटॉपला कुणी शिवत नव्हतं. साहेबांचे हात छातीशी, माझ्या हातात मोबाईल, चंद्रकलाचे हात मांडीवर. आणि पडद्यावरून बिरू वाघमोडेची एकेक तक्रार पुसली जात होती. थोडं थांबून पुन्हा एक, जणू कुणी सावकाश वाचत वाचत काढत होतं.

मी देवाधर्माची बाई आहे, पण भुताखेतांवर माझा विश्वास नाही. त्या क्षणी मात्र मी खुर्चीसकट मागे सरकले. चंद्रकलाच्या तोंडून "आगं बाई" एवढंच निघालं.

"मॅडम, फोटो काढा," साहेब कुजबुजले. "काढा, काढत राहा."

मी काढत राहिले. फोल्डर रिकामं झालं तेव्हा थांबले.

साहेब त्या रिकाम्या पडद्याकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "झरकरच्या मुलांकडे पासवर्ड आहे."

"कसला पासवर्ड?"

"माझ्या मेलचा. रोज दोनदोनशे मेल यायचे, मॅडम. एकटा माणूस कुठे पुरणार? झरकर म्हणाले, आमच्या ऑफिसात दोन हुशार मुलं आहेत, ती उत्तरं तयार करून ठेवतील, तुम्ही फक्त नजर टाकून पाठवा. सुरुवातीला मी नजर टाकायचो." त्यांनी चष्मा काढला. "मग त्यांना म्हटलं, किरकोळ असेल ते तुम्हीच पाठवत जा."

मला तेव्हा काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. फिल्टर प्लांटच्या मेंटेनन्सचा करार माझ्याच कपाटात होता. ती कंपनी झरकरच्या मेव्हण्याची होती, आणि हे ऑफिसात शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे बिरूने ज्यांच्याविरुद्ध तक्रार केली, ती तक्रार थेट त्यांच्याच हातात पडत होती. आणि तेच साहेबांच्या नावाने त्याला कळवत होते, घाबरू नको. मघाशी साहेबांनी विचारलं तेव्हा झरकर नाही म्हणाले, आणि साफसफाईला लागले. साहेब आपला मेल आज, आत्ता, परक्या बाईला उघडून दाखवतील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार.

मग मला माझे मेल आठवले. आई दवाखान्यात असताना मी रजेसाठी साहेबांना मेल केला होता. उत्तर आलं होतं, "आईंना जपा. ऑफिस आम्ही बघतो. अशा वेळी मन खंबीर ठेवायचं असतं." मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले होते ते वाचून. आईलाही वाचून दाखवलं होतं. ते कुणी लिहिलं होतं? झरकरच्या ऑफिसातल्या कुठल्या पोराने? मला साहेबांना विचारायचं होतं, पण हिंमत झाली नाही. मला एकदम उघड्यावर पडल्यासारखं वाटलं. दोन वर्षं आख्खं गाव साहेबांशी बोलत होतं आणि पलीकडे साहेब नव्हतेच.

"मग आता काय?" चंद्रकला म्हणाली.

साहेब दचकले. तिच्याकडे न बघता त्यांनी लॅपटॉप मिटला, पाण्याचा घोट घेतला, चष्मा पुसला. बोलले तेव्हा त्यांचा आवाज पुन्हा मुख्याधिकाऱ्याचा झाला होता.

"मॅडम, आदेश लिहून घ्या. अर्जदाराने मागितलेली माहिती ही खासगी मेल खात्यातील असून तो कार्यालयीन अभिलेख नाही. सद्यःस्थितीत सदर खात्यात असे मेल आढळून येत नाहीत. सबब अपील..."

माझा पेन तिथेच थांबला.

"लिहा ना."

"मी लिहिणार नाही, साहेब."

"मॅडम, समजून घ्या. माझी अठरा वर्षं शिल्लक आहेत नोकरीची. मी एका पैशाला शिवलेलो नाही. तुम्ही साक्षीला आहात."

"आहे ना. पैशाला शिवला नाहीत, हे मी कुठेही सांगेन. पण ऑफिसचं सगळं काम त्या मेलवर चालायचं, आणि अभिलेख म्हणून विचारलं की तो खासगी? आणि माझ्या मोबाईलमध्ये फोटो आहेत. तुम्हीच काढायला लावलेत."

वरिष्ठाला असं मी जन्मात बोलले नव्हते. साहेबांनी कपाळ दोन्ही हातांत धरलं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

चंद्रकला उठली नाही, ओरडलीही नाही. तिने आमचं सगळं बोलणं ऐकून घेतलं होतं आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"साहेब, एक सांगू का?" ती म्हणाली. "आमचं मालक लई भित्रं व्हतं. वीज कडाडली तरी उंबऱ्याच्या आत यायचं. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यास्नी वास आलेला, ते पळूनच येणार व्हते घरला. मला फोन केला, म्हणाले, चंद्रे, मी न्हाई थांबत, नोकरी गेली तर जाऊ दे. मी म्हटलं, या. भाकरी टाकतेच. आन् मग थोड्या वेळानं परत फोन. लई खूश. म्हणाले, खुद साहेबांचं उत्तर आलंय. माझ्यासारख्या माणसाचं साहेबांनी अभिनंदन केलंय. दोनदा वाचून दाखवलं. मी म्हटलं, आवो पण वास? तर म्हणाले, साहेबांनी तपासलंय म्हंत्यात, साहेब खोटं बोलत न्हाईत. आन् राहिले थांबून."

साहेबांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पण ताई, ते मी लिहिलं नव्हतं हो."

"त्यास्नी कुठं ठावं व्हतं?" चंद्रकला म्हणाली.

बाहेर कुणीतरी दार ठोठावलं, मी आतूनच थांबा म्हटलं. मग साहेबांनी माझ्यापुढचा कागद आपल्याकडे ओढला आणि स्वतः लिहायला लागले. अपील मान्य. मयत वाघमोडे यांनी गळतीची सूचना वेळोवेळी दिली होती. ती माझ्या मेलवर आली. ती मी वाचली नाही. माझ्या नावाने अन्य व्यक्तीने त्यांना चुकीचे आश्वासन दिले, कारण माझा पासवर्ड मी त्या व्यक्तीला दिला होता. चौकशी अहवालातील निष्काळजीपणाचा शेरा माझ्या मते चुकीचा असून फेरचौकशी व्हावी. पुराव्यादाखल छायाचित्रे सोबत.

लिहिताना त्यांनी कुठेही खाडाखोड केली नाही. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवला आणि पेनचं टोपण लावून मागे टेकले.

मी तो चंद्रकलाला मोठ्याने वाचून दाखवला. ती डोळे मिटून ऐकत होती. 'वाघमोडे यांनी सूचना दिली होती' या ओळीला तिने हाताने थांबवलं आणि मला ती परत वाचायला लावली. मी वाचली. तिने पदराने तोंड पुसलं आणि उठून उभी राहिली. कागद घ्यायला तिने हात पुढे केला, आणि तो मागे घेतला.

"सही ऱ्हायली," ती म्हणाली.

"करतो, ताई." साहेबांनी सवयीने बेल दाबली, शिपायाला सहीचा शिक्का घेऊन बोलवायला.

"शिक्का नगं," चंद्रकला म्हणाली. "तुमच्या हातानं करा. मी हितं उभी ऱ्हाऊन बघणार हाय."